नाशिकचे झारेकरी: सराफ बाजार ते रामकुंड, सोनं धुणाऱ्यांच्या मागे एक फेरी

नाशिकच्या खडकात सोन्याची खाण नाही, हे आधीच सांगते. इथला काळा पाषाण सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचा. सोनं सापडतं ते त्याहून कितीतरी जुन्या खडकांत, गारेच्या म्हणजे क्वार्ट्झच्या शिरांमध्ये. कर्नाटकातलं कोलार आणि हट्टी त्यासाठी प्रसिद्ध. आपल्याकडे नागपूर-भंडाऱ्याच्या बाजूला तसे खडक आहेत. आणि तरीही नाशकात सोनं धुऊन काढणारी माणसं आहेत. सराफांच्या धुळीतून, गटारीच्या गाळातून, रामकुंडाच्या तळातून कण वेचणारे हे झारेकरी. त्यांचं काम पाहायला मी भाच्याला घेऊन गेले होते. कोणाला जायचं असेल तर उपयोगी पडेल म्हणून लिहिते आहे.

नाशिकरोड स्टेशनवर उतरलात तर सिटीलिंकची बस पकडून शालिमारला या. तिथून सराफ बाजार चालत गाठता येतो. पंचवटीत मुक्काम असेल तर निमाणी स्टँड जवळचं. गाडी आणू नका, त्या गल्ल्यांत ती लावायला जागा नाही.

पोचायचं ते उजाडताना. दुकानांची शटर उघडायच्या आत झारेकरी ब्रश, सुपली आणि घमेलं घेऊन पायऱ्यांच्या खाचा, फरश्यांच्या फटी आणि गटारीचे काठ झाडून घेतात. कारागीर कानशीने घासतो तेव्हा उडालेला कीस त्याच्या कपड्यांना, चपलांना लागून रस्त्यावर येतो. वरवर पाहिलं तर ती नुसती माती. कारखान्यांच्या आतला कचरा मात्र असा फुकट मिळत नाही. तिथे जमिनीवरची झाडलोट, हात धुतलेल्या पिंपाचा गाळ, पॉलिशच्या चिंध्या, जुनी बसकरं हे सगळं साठवून ठेवतात आणि त्याचा सौदा होतो. आत काय निघेल ते नुसतं बघून, हातात घेऊन ओळखायचं आणि भाव बोलायचा. चुकलं तर महिन्याची मेहनत पाण्यात. हे कौशल्य मला सोनं धुण्याइतकंच मोठं वाटतं.

पुढचं काम घरच्या अंगणात चालतं. चिंध्या आणि कचरा जाळून राख करायची, कुटायची, चाळायची, लोहचुंबक फिरवून लोखंडाचा कीस काढायचा आणि मग धुवायला बसायचं. ज्या आजींनी आम्हांला बसू दिलं त्यांनी घमेलं पाण्याखाली धरून आधी डावीकडे-उजवीकडे हलवलं, मग पुढची कड जरा खाली केली आणि हलकी माती पाण्याबरोबर जाऊ दिली. भाचा घाईने गोल गोल फिरवायला लागला तेव्हा त्यांनी त्याचं मनगट धरलं. "जोर नको लावू बाळा. पाण्याला त्याचं काम करू दे."

या सगळ्याच्या मागे एकच गोष्ट आहे, वजन. सोन्याची घनता १९.३, साध्या गारेच्या वाळूची २.६५ च्या आसपास. म्हणजे सारख्या आकाराच्या वाळूच्या कणापेक्षा सोन्याचा कण सातपटीहून जड. घमेलं हललं की तो खाली सरकतो आणि तळाशी बसतो. गोदावरीची वाळू धुतली तर शेवटी काळी वाळू उरते. ती मॅग्नेटाइट, घनता ५.२. ती चुंबकाला चिकटते, सोनं चिकटत नाही. रामकुंडावर पोरं दोरीला चुंबक बांधून पाण्यात टाकतात, त्यांना स्टीलची नाणी मिळतात ती म्हणूनच. सोन्यासाठी मात्र गाळात उतरून धुवावंच लागतं.

रामकुंडात सोनं येतं कुठून? मृताच्या मुखात तुळशीपत्र, गंगाजल आणि सोन्याचा बारीक तुकडा ठेवायची रीत आहे. अस्थी गोदेत सोडतात तेव्हा राखेबरोबर तोही जातो. झारेकरी ती राख, तो गाळ धुतात. काहींना हे ऐकून कसंसं होतं. मला तसं वाटलं नाही. जे नदीला दिलं त्यातलं थोडं एखाद्या घरच्या चुलीला लागलं, तर त्यात वावगं काय? पण घाटावर दुःखातली माणसं आलेली असतात. विधी चालू असताना फोटो काढू नका. झारेकऱ्यांचाही काढायचा तर आधी विचारा.

इथे गंभीरपणे सांगायचं ते पाऱ्याबद्दल. धुऊन उरलेल्या बारीक चुऱ्यातलं सोनं धरायला पारा वापरतात. सोनं पाऱ्यात मिसळतं, ते फडक्यातून पिळून जाळावर धरलं की पारा उडून जातो. पारा ३५७ अंशांना उकळतो, पण त्याची वाफ त्याच्या कितीतरी आधीपासून निघत असते. तिला रंग नाही, वास नाही. श्वासातून ती मेंदूला आणि मूत्रपिंडाला इजा करते, आणि सर्वांत जास्त धोका लहान मुलांना आणि गरोदर बायकांना. पाऱ्याच्या वापराला आळा घालणारा मिनामाता करार २०१३ साली झाला, भारताने तो २०१८ साली मान्य केला. घराच्या पडवीत हे काम अजून होतं याचं मला फार वाईट वाटतं. वाफ बंद नळीतून थंड करून पारा परत गोळा करणारं भांडं असतं, त्याला रिटॉर्ट म्हणतात. ते या घरांपर्यंत पोचायला हवं. तुम्ही पाहायला गेलात आणि पारा जाळावर जाताना दिसला, तर मुलांना घेऊन ताबडतोब लांब व्हा. तेजाबाने चांदी-तांबं वेगळं करताना तपकिरी धूर निघतो, तोही तितकाच वाईट. मुशीत टाकणखार घालून सोनं वितळवतात ते पाहण्यासारखं असतं, पण तेही अंतर ठेवूनच.

हौस म्हणून धुणं शिकायचं असेल तर घरीच शिका. मासेमारीच्या गळाला लावतात ते शिशाचे बारीक तुकडे ठोकून चपटे करा, मोजून पाटीभर वाळूत मिसळा आणि परातीत धुवा. शिशाची घनता ११.३, ते सगळे हाती लागायला लागले की सोनंही निसटणार नाही. पाण्यात भांडी घासायच्या साबणाचा एक थेंब टाका, नाहीतर अगदी बारीक कण पाण्यावर तरंगून जातात. शीस हाताळल्यावर हात साबणाने धुवायचे. नदीतली वाळू पोत्यात भरून आणू नका, परवानगीशिवाय वाळू उचलणं गुन्हा आहे.

घाटावर जायला एप्रिल-मे बरा, पाणी उतरलेलं असतं. पावसाळ्यात गंगापूर धरणातून विसर्ग सुरू झाला की पाणी भराभर चढतं. रामकुंडाजवळ नदीपात्रात दुतोंड्या मारुतीची मूर्ती आहे, तिच्याकडे नजर ठेवा. पाणी मारुतीच्या पायांवर चढू लागलं की काठ सोडा. पूर मोठा असेल तर सराफ बाजारातही पाणी शिरतं आणि तो ओसरल्यावर झारेकऱ्यांची लगबग सुरू होते. गाळात काचा, पत्रे, सुया असतात, म्हणून गमबूट हवेतच. पायाला जखम असेल तर उतरूच नका.

‘नदीत सापडलं’ म्हणून कोणी पिवळा खडा किंवा जुन्या गिन्या विकायला आलं तर घेऊ नका. खरा झारेकरी आपला माल रस्त्यावर विकत नाही, तो ओळखीच्या सराफाकडे जातो.

वेळ उरला तर सिन्नरला माळेगाव एमआयडीसीतलं गारगोटी संग्रहालय बघा. नाशिकच्या काळ्या दगडाच्या पोकळ्यांत सोनं नाही, पण अपोफिलाइट, स्टिलबाइट, ह्यूलँडाइट असे स्फटिक वाढतात. पांडवलेण्याच्या डोंगराजवळच्या खाणींतून निघालेला पिवळा पॉवेलाइट जगभरचे संग्राहक शोधत असतात. नाशिक-पुणे रस्त्याने सिन्नरकडे जायचं. निवांत बघायचं तर दोन तास हातात ठेवा आणि निघण्याआधी फोन करून वेळ विचारून घ्या.