लिंबाएवढ्या गड्ड्यांनंतरची ब्रोकोली

मागच्या खेपेला माझ्या ब्रोकोलीला लिंबाएवढे गड्डे आले. बारा रोपं, बाराही तशीच. दांडा बारीक, पानं मोजकी आणि वर मूठभरही नाहीत एवढ्या कळ्या. खत घातलं, पाणी सांभाळलं, पण गड्डा काही वाढेना. शेवटी रोपं उपटली तेव्हा कळलं. वाफ्यात येऊन इतके दिवस झाले तरी मुळं कपाच्या आकारातच गोल गुंडाळलेली होती. वाफा तयार नव्हता म्हणून मी रोपं दोन महिने त्या छोट्या कपांत ठेवली होती. असं अडकलेलं, उपाशी रोप पानं वाढवायचं सोडून घाईनं फुलावर येतं. आपण खातो तो गड्डा म्हणजे न उमललेल्या कळ्याच की!

म्हणून यंदा आधी वाफा केला, भरपूर कुजलेलं खत मिसळलं आणि मगच बी पेरलं.

बी मोहरीसारखं दिसतं, कूळही तेच. एका कपात दोन बिया, जेमतेम एक सेंटिमीटर खोल. पाचव्या दिवशी मधोमध खाच असलेली दोन-दोन दलं वर आली. त्याच दिवशी कप उन्हात नेले. सावलीत एक-दोन दिवस जरी राहिले तरी कोंब उजेडासाठी ताणत जातात आणि मग मान टाकतात. दोन्ही बिया उगवल्या तिथे अशक्त रोप कात्रीनं कापलं. उपटलं असतं तर शेजारच्याची मुळं हलली असती. पाचव्या आठवड्यात, चार-पाच खरी पानं आल्यावर, रोपं संध्याकाळी वाफ्यात लावली, दलांपर्यंत मातीत पुरून. दोन रोपांत ४५ सेंटिमीटर अंतर. तेव्हा ते फार वाटतं, पण महिनाभरात पानांनी ती सगळी जागा भरून टाकली.

अळ्यांचं मात्र सविस्तर सांगायला हवं. पांढरी फुलपाखरं कोबी, फ्लॉवर, ब्रोकोली सगळ्यांवर अंडी घालतात; या भाज्या मुळात एकाच जातीच्या. हिरवी, मखमली अळी पानाच्या मधल्या शिरेला अशी चिकटून पडते की समोर असून दिसत नाही. आईला दिसते. ती रोज सकाळी पानं उलटून बघायची, पिवळसर अंडी अंगठ्यानं पुसून टाकायची. यंदा लावणीच्या दिवशीच कमानी उभ्या करून जाळी टाकली. जाळी पानांना टेकू द्यायची नाही, नाहीतर फुलपाखरू वर बसून जाळीतूनच अंडी घालतं. एका कोपऱ्यात ती टेकली होती. तिथल्याच रोपाची पानं चाळणी झाली.

लावणीनंतर सत्तर दिवसांनी पहिला गड्डा कापला. तळहाताहून मोठा, घट्ट, निळसर हिरवा. आणखी मोठा होईल म्हणून थांबायचा मोह होतो, पण कळ्या सैल दिसू लागल्या की थांबू नका. ऊन तापलं तर दोन-तीन दिवसांत पिवळी फुलं उमलतात. कापताना छेद तिरका द्यायचा, म्हणजे दांड्यावर पाणी साचून तो कुजत नाही.

आणि त्यानंतर रोप उपटू नका, ही कळकळीची विनंती. पानांच्या बगलेतून नव्या फुटी येतात, प्रत्येकीवर छोटा गड्डा. जाळीच्या कोपऱ्यातल्या त्या चाळणी झालेल्या रोपानंही आतापर्यंत पाच दिल्यात.