गव्हाची टॉर्टिया नको, मक्याची हवी

जपानमध्ये राहून मेक्सिकन खाण्यासाठी जीव जातोय असं सांगितलं की इथले भारतीय मित्र आधी हसतात आणि मग हमखास विचारतात, अगं पण तुझा मेक्सिकोशी काय संबंध? संबंध गाड्यांचा. आमची कंपनी गाड्यांचे पार्ट बनवते. मेक्सिकोच्या मध्यात बाहियो म्हणून जो पट्टा आहे तिथे निसान आग्वासकालिएन्तेसला १९८० च्या दशकापासूनच होती, मग २०१४ मध्ये माझदाचा सालामान्काला आणि होंडाचा सेलायाला कारखाना आला, आणि त्यांच्या मागोमाग सगळे सप्लायर. त्यातल्याच एका प्लांटला, लेओन शहराजवळ, माझं पहिलं परदेशी पोस्टिंग होतं. तिथून बदली झाली ती थेट जपानच्या आइची प्रांतात. म्हणजे जपानी इंजिनियर ज्या रस्त्याने मेक्सिकोला जातात त्याच रस्त्याने मी उलटी आले, येताना जीभ तिकडेच राहिली.

आता क्रेव्हिंग नेमकं कसलं हे कळायला मलाही वेळ लागला. वाटायचं की तिखट हवंय, पण तिखट खाऊन भागायचं नाही. चीज, बीन्स, लिंबू सगळं झालं तरी नाही. शेवटी डोक्यात आलं की आपल्याला वास हवाय, गल्लीच्या तोंडावरच्या टॉर्टियेरियाचा, म्हणजे टॉर्टियाच्या दुकानाचा. तिथे यंत्रातून मक्याच्या टॉर्टिया, म्हणजे मेक्सिकन पातळ भाकऱ्या, सटासट बाहेर पडतात, बाई वजन करून कागदात गुंडाळून देते, आणि घरी पोचेपर्यंत वरच्या दोन-तीन नुसत्या मीठ लावून संपलेल्या असतात. ओल्या भिंतीला नुकती चुन्याची सफेदी केली आणि शेजारी कुणीतरी कणीस भाजतंय, असा काहीसा तो वास.

इथे काय मिळतं? काल्दीसारख्या इम्पोर्टेड मालाच्या दुकानात टाकोचं, म्हणजे सारण भरून दुमडलेल्या टॉर्टियाचं, किट मिळतं, कडक शेल, मसाल्याची पुडी, साल्साची (मेक्सिकन चटणीची) बाटली. कॉस्टकोत टॉर्टियांची मोठी पाकिटं मिळतात, गव्हाच्या, मऊ, छान गुंडाळल्या जातात, पण त्यात मक्याचा म नाही. इझाकायातल्या, म्हणजे जपानी पबमधल्या टाकोत खिमा, लेट्युस, पिवळं चीज आणि केचपच्या चुलत बहिणीसारखा साल्सा. वाईट नसतं हो, भूक लागलेली असताना मीही खाते. पण हे मुळात अमेरिकेहून आलेलं मेक्सिकन आहे. सगळ्यात उत्तम उदाहरण म्हणजे ओकिनावाचा टाको राइस: १९८४ मध्ये किन नावाच्या गावात, अमेरिकन मरीन तळाच्या गेटसमोर तो जन्मला, टाकोतलं सारण सरळ गरम भातावर. सैनिकांचं पोट स्वस्तात भरायचं होतं आणि भात जपानमध्ये कुठेही मिळतो, विषय संपला. टाको राइस मला मनापासून आवडतो, फक्त त्याला मेक्सिकन म्हणून माझ्यासमोर ठेवू नका.

मग कुणीतरी सांगितलं की आइचीत लॅटिन लोक भरपूर आहेत, तोयोता शहरातल्या होमी दान्ची या वसाहतीत जा. गेले. तिथे ब्राझीलचं सगळं होतं, फेइजोआदाचे काळे बीन्स, फारोफा, ग्वाराना, चीजचे छोटे पाव. साहजिकच आहे म्हणा, १९९० मध्ये जपानने कायदा बदलून परदेशात स्थायिक झालेल्या जपान्यांच्या मुला-नातवंडांना काम करायची वाट मोकळी केली तेव्हा कारखान्यांत आले ते मुख्यतः ब्राझील आणि पेरूचे लोक. ब्राझिलियन आज दोन लाखांच्या आसपास आहेत, मेक्सिकन जेमतेम काही हजार, आणि ते देशभर विखुरलेले. काही हजार माणसांसाठी गल्लोगल्ली टॉर्टियेरिया कोण काढणार. काळे बीन्स मात्र मी पिशवीभर आणले, कारण जपानी स्वयंपाकात कडधान्य म्हटलं की बहुतेकदा साखर आलीच.

गंमत म्हणजे इथल्या कुठल्याही सुपरमार्केटात सगळ्यात अस्सल मेक्सिकन वस्तू समोरच पडलेली असते, अव्होकाडो. बहुतेकांवर मेक्सिको असंच लिहिलेलं असतं, आणि त्यातला मोठा भाग मिचोआकानचा, म्हणजे माझ्या जुन्या प्लांटच्या अगदी शेजारच्या राज्यातला. जपानी लोक तो वासाबी आणि सोया सॉसबरोबर खातात, तेही मस्त लागतं, पण आमच्याकडे त्याचं ग्वाकामोले होतं, म्हणजे कुस्करून केलेली चटणी. लाइम महाग वाटलं तर तोकुशिमाचं सुदाची नावाचं लिंबू पिळा, हिरवं, बारकं, आंबटपणा थोडा वेगळा पण चालतो. हालापेन्यो मिरची नसेल तर आओतोगाराशी, म्हणजे जपानी हिरवी मिरची, आणि कोथिंबीर पाकुची नावाने चार काड्यांच्या पाकिटात, किंमत बघून डोळे पांढरे होतात.

टॉर्टियाचं काय? इंडियन दुकानातलं मक्याचं पीठ वापरून पाहू नका, लाटताना फुटतं आणि वासही येत नाही. त्याचं कारण पिठात नाही, चुन्यात आहे. मेक्सिकोत मका आधी चुन्याच्या पाण्यात शिजवतात आणि रात्रभर तसाच भिजू देतात, त्याला निश्तमाल म्हणतात. चुन्याने दाण्याचं साल सैल होतं, पीठ चिकट होऊन एकत्र धरतं, आणि मक्यातलं नायसिन हे जीवनसत्त्व शरीराला मिळायला लागतं. युरोपने मका नेला पण ही युक्ती नेली नाही, म्हणून मक्यावरच जगणाऱ्या गरिबांमध्ये पेलाग्रा हा नायसिनच्या कमतरतेचा आजार पसरला. हे सगळं हजारो वर्षांपूर्वी लोकांनी प्रयोगशाळेशिवाय शोधून काढलं, मला अजूनही भारी वाटतं.

सोपा मार्ग म्हणजे मासेका ब्रँडचं, चुना लावलेल्या मक्याचं तयार पीठ ऑनलाइन मागवायचं, गरम पाण्यात मळायचं, दोन प्लॅस्टिकमध्ये दाबायचं, कडकडीत तव्यावर टाकायचं. ऐंशी टक्के काम होतं. पण मला उरलेले वीस हवे होते, आणि चुना सापडला कुठे तर कोन्न्याकूच्या, म्हणजे कंदापासून करतात त्या जपानी जेलीसारख्या पदार्थाच्या सामानात! घरी कोन्न्याकू जमवायला जी पुडी मिळते ती बरेचदा खायच्या चुन्याचीच असते, फक्त पाकिटावर सुइसान्का कारुशिउमु (कॅल्शियम हायड्रॉक्साइड) लिहिलंय ना बघून घ्या, काहींमध्ये सोडा असतो. अर्धा किलो वाळक्या मक्याला साधारण ५ ग्रॅम. होक्काइदोचा स्वीटकॉर्न कितीही गोड असला तरी इथे कामाचा नाही, त्यात साखर जास्त आणि स्टार्च कमी, मी पॉपकॉर्नचे दाणे घेते, सालं जरा चिवट असतात, चोळून धुवावी लागतात. वाटणं ही खरी कटकट, कारण इथे वीज १०० व्होल्ट, आपला मिक्सर ट्रान्सफॉर्मरशिवाय नुसता शोभेला, आणि फूड प्रोसेसरमध्ये पाणी जास्त घालावं लागतं, मग ते सैल पीठ सावरायला थोडा मासेकाच घालायचा. शुद्धतावाद्यांनी माफ करावं. पहिली टॉर्टिया फुगली तेव्हा किचनभर तोच वास होता.

त्यानंतर मी एन्चिलादास मिनेरास करायला घेतलं, ही लेओन ज्या राज्यात आहे त्या ग्वानाह्वातोच्या चांदीच्या खाणकामगारांची डिश, लाल मिरचीच्या सॉसमध्ये बुडवून तळलेल्या टॉर्टिया, आत चीज-कांदा, वर बटाटा-गाजर. ग्वाहियो मिरची नव्हती, काश्मिरी मिरची भिजवून वाटली, रंग जवळजवळ तोच आला. चीज म्हणून दूध फाडून, दाबून, मीठ लावून कुस्करलं. सोबत बसलेल्या जपानी कलीगने दोन प्लेट खाल्ल्या आणि वर विचारलं की मेक्सिकोतले लोक जपानी पदार्थ कोणते खातात. मी म्हटलं, जपानी शेंगदाणे! काकावाते हापोनेस, कुरकुरीत पिठाच्या आवरणातले, तिकडे प्रत्येक टपरीवर मिळतात, आणि ते केले योशिहेई नाकातानी या मेक्सिको सिटीत स्थायिक झालेल्या जपानी माणसाने, १९४० च्या दशकात. त्याला काही पटलं नाही, जेवता जेवता फोनवर शोधून खात्री केली.

राहिला फक्त हिरवा साल्सा. त्याला तोमातियो लागतात, म्हणजे टोपणात वाढणारी टोमॅटोसारखी हिरवी फळं, ते ताजे इथे मला कुठेच दिसले नाहीत, डब्यातले आणले तर मऊ आणि पुचाट. म्हणून बी मागवून बाल्कनीत दोन कुंड्या लावल्यात, दोन अशासाठी की हे झाड एकटं असलं तर फळ धरत नाही, परागकण दुसऱ्या झाडाचेच लागतात. कागदी कंदिलासारखी टोपणं लटकायला लागलीत, शेजारच्या आजी होझुकी, म्हणजे जपानी कंदिलाचं शोभेचं झाड, समजून रोज कौतुक करतात. टोपण आतून भरून फाटायला आलं की काढायचे. पहिल्या हप्त्याचा साल्सा, दुसऱ्याचं चिलाकिलेस, म्हणजे साल्सात घोळवलेले टॉर्टियाचे तळलेले तुकडे, करायचं असं ठरवलंय, पण त्याला शिळ्या टॉर्टिया लागतात आणि आमच्याकडे त्या शिळ्या व्हायला उरत नाहीत.