टाके पिकतील म्हणून

निफाडकडच्या आजी. वय 76, वजन 42 किलो, सगळा जन्म द्राक्षबागेत गेलेला. पायातली ताकद रोज उतरत होती, त्यामुळे मणक्याचं ऑपरेशन लांबवता आलं नाही; नाहीतर रक्तातलं अल्ब्युमिन हे प्रथिन 2.7 बघून सर्जन सरांनी आधी काही आठवडे त्यांना खाऊपिऊ घालून मगच टेबलावर घेतलं असतं. ते साडेतीनच्या खाली गेलं की जखम लवकर धरत नाही.

आम्हा नर्सेसच्या हातात होतं ते आम्ही चोख केलं. दर दोन तासांनी कूस, तीही दोघींनी मिळून, खांदा आणि कंबर एकदम फिरवून, म्हणजे मणक्यात बसवलेल्या स्क्रूवर पीळ पडत नाही. आजींची कातडी कांद्याच्या पापुद्र्यासारखी. पट्टी ओढली की सोबत सोलून यायची, म्हणून कड सलाईनने भिजवायची, कातडी एका हाताने दाबून धरायची आणि मग हळूहळू सोडवायची. डायपरचा ओलावा वर चढून ड्रेसिंगला लागू नये म्हणून खालच्या कडेला वेगळी पारदर्शक पट्टी.

पाचव्या रात्री तीनला कूस बदलताना तीच कड ओली लागली. लघवीचा वास नव्हता. रुपयाएवढा पिवळसर डाग. ड्युटीवरचे डॉक्टर फोनवर म्हणाले, "वरून गॉज लावा, सकाळी बघू." ही पद्धत मला मुळीच पटत नाही. गॉजवर गॉज चढवलं की खाली काय चाललंय ते कुणालाच कळत नाही. मी थेट सरांना उठवलं. खालच्या टोकाला जखम उकलली होती. पाणी स्वच्छ, पू नाही. त्यांनी नमुना लॅबला पाठवला, दोन टाके नव्याने घातले. हात धुताना विचारलं, "जेवतायत ना?"

मी चार्ट पुढे केला. पाचही दिवस "पूर्ण आहार". त्यातल्या तीन सह्या माझ्या.

सकाळी सूनबाई सहज बोलून गेल्या, "ताट नातू जेवतो ना सिस्टर. डाळीनं टाके पिकतात म्हणून आईंना नुसती पेज देते मी." रागवायला मला तोंड नव्हतं. ती बाई पाच रात्री उशाशी बसून पेज फुंकून फुंकून भरवत होती. मी मात्र रिकामं ताट बघून टिक करत होते.

आजी माळकरी, त्यामुळे अंडं नाही. मुगाचं घट्ट वरण, पनीर, दुधात प्रोटीन पावडर. दिवसाला 60 ग्रॅमच्या आसपास प्रथिनं जावीत म्हणून मी समोर उभी राहून वाट्या मोजायला लागले. पहिला घास भरवताना सूनबाईंनी दोनदा माझ्याकडे पाहिलं.

लॅबमध्ये जंतू वाढले नाहीत. टाके 21व्या दिवशी काढले, जखमेची कोरडी, बारीक रेघ झाली होती. सर म्हणाले, पाच दिवसांच्या वरणाने अल्ब्युमिन वर आलं नसतं. ते खरंच आहे. पण फाइलमध्ये तीन ठिकाणी अजून "पूर्ण आहार" आहे, माझ्या अक्षरात.