गळाला कोळशी लागली त्याची गोष्ट

मागच्या मे महिन्यात एका रविवारी भाटघरच्या बॅकवॉटरला गेलो होतो गळ घेऊन. पहाटे साडेचारला धायरीतून निघालो, कापूरहोळवरून भोर रस्त्याला लागलो आणि उजाडायच्या आत पाण्याजवळ पोचलो. मे महिन्यात तिकडं पाणी इतकं खाली जातं की एरवी धरणात बुडालेलं कांबरेश्वराचं देऊळ पूर्ण उघडं पडतं. धरण 1928 चं, आणि देऊळ वर्षातले बहुतेक महिने पाण्याखाली, उन्हाळ्यात दोनेक महिने फक्त दर्शन. वेळवंडी नदी तेव्हा परत नदीसारखी दिसायला लागते, म्हणजे मधे एक बारीक वाहती धार आणि दोन्ही बाजूला भेगा पडलेला गाळ.

मी कणकेची गोळी लावून बसलो होतो. सात वाजेपर्यंत पाच चिलाप्या निघाल्या, सगळ्या तळहाताएवढ्या. मग एक ओढ आली ती वेगळीच. चिलापी कशी थरथरत येते, ही खाली खाली दाबत गेली आणि एकदम बाजूला वळली. काठावर आणली तर मासा माझ्या ओळखीचाच नाही! रुपेरी अंग, खवली अगदी रांगेत, तोंड खालच्या बाजूला वळलेलं. वीतभरापेक्षा थोडी मोठी असेल. रोहू नाही, मृगळ नाही, सायप्रिनस (कॉमन कार्प) तर नाहीच नाही.

जरा पलीकडं एक भोई काका ट्रकच्या ट्यूबवर बसून रात्री लावलेलं जाळं काढत होते. त्यांना हाक मारून मासा दाखवला.

"कोळशी हाय ती," लांबूनच म्हणाले. "ल्हान हाय, सोड तिला."

"कोळशी म्हणजे?"

"म्हंजी काय? कोळशी म्हंजी कोळशी. इथलीच हाय ती, बाकी समदी आणून सोडल्याली."

मी सोडली. पण त्यांचं ते "बाकी समदी आणून सोडल्याली" काही डोक्यातून जाईना. मी दहा वर्षांचा होतो तेव्हापासून गळ टाकतोय, मामांनी शिकवलं, बांबूची काठी, तंगूस म्हणजे नायलॉनचा दोरा, मोरपिसाच्या देठाचा तरंगा आणि शेणखताच्या उकिरड्यातली गांडुळं. आता चांगला रॉड आहे, रील आहे, डबाभर हुक आहेत. आणि तीस वर्षं ज्या पाण्याकाठी बसतोय त्या पाण्यातला मूळचा मासा हातात आला तर मला त्याचं नाव माहीत नाही. ह्याचं मला खरंच फार वाईट वाटलं.

घरी येऊन शोधायला बसलो आणि त्या नादात आठवडा गेला. कोळशीचं शास्त्रीय नाव काय आहे माहितीये? हिप्सेलोबार्बस कोलुस. कोलुस! म्हणजे आपल्याच नावाला लॅटिनच्या शेजारी नेऊन बसवलंय. हे केलं बॉम्बे आर्मीतल्या कर्नल साईक्सनी. हा माणूस दख्खनभर फिरला, इथले मासे बघितले, त्यांची वर्णनं केली आणि त्याचा निबंध 1839 साली लंडनला छापून आला. त्यानी काय केलं, की बऱ्याच माशांना नवीन नाव शोधत न बसता इथले लोक जे म्हणतात तेच कानानी ऐकून जसंच्या तसं लिहिलं. म्हणून शिंगाळ्याचं नाव स्पेराटा सींघाला, दगडाला चिकटून राहणाऱ्या छोट्या मळ्याचं नाव गारा मुल्या, कपाळावर शिंगासारखा उंचवटा असलेल्या माशाचं नाव नुक्ता. आणि महाशीर, ज्याला आपल्याकडं खडशी म्हणतात, त्याचं नाव टॉर खुद्री. ह्या खुद्रीचं मूळ वर्णन कुठल्या माशावरून केलंय? पुण्याच्या पूर्वेला मुळामुठेत मिळालेल्या! आज आपण मुंढव्याच्या पुलावरून नाक दाबून जातो ना, तीच नदी. तिच्यात खडशी होती, आणि खडशीला लागतं वाहतं, थंड, भरपूर ऑक्सिजनवालं पाणी आणि खाली गोटे. म्हणजे तेव्हा नदी कशी असेल ह्याचा विचार करा.

अजून एक नाव सांगतो, हे माझं सगळ्यात आवडतं. खवलचोर! हा एक छोटा मासा आहे, दुसऱ्या माशांची खवली ओरबाडून खातो. पंचगंगेतल्या ह्या माशाचं वर्णन डॉ. सी. व्ही. कुलकर्णींनी 1952 ला केलं आणि नाव ठेवलं खवलचोर, आणि आज जगात कुठलाही मत्स्यशास्त्रज्ञ त्याला निओट्रोपियस खवलचोरच म्हणतो. हे वाचून मी बायकोला उठवून सांगितलं रात्री.

आता चिलापीबद्दल. चिलापीला मी शिव्या घालणार नाही, कारण भिगवणला जाऊन उजनीची चिलापी फ्राय मी दरवर्षी खातो आणि तिथल्या कित्येक घरांची चूल तिच्यावर चालते. पण ती इथली नाही. मूळची आफ्रिकेतली, भारतात 1952 मधे आणली. आणि ती इतकी का पसरली हे मला कुठल्या पुस्तकात कळायच्या आधी पवना धरणावर माझ्या हातात कळलं होतं. एक मादी लागली होती, हुक काढायला तोंड उघडलं तर तोंडातून टाचणीच्या डोक्याएवढी पिल्लं भुरुभुरु बाहेर पडली, वीस-तीस तरी असतील, माझ्या ओल्या हातावर आणि दगडावर. मी घाबरून मादी आणि पिल्लं सगळं ओंजळीनं पाण्यात ढकललं. नंतर वाचलं की मादी अंडी तोंडात घेऊन राखते, पिल्लं बाहेर पडली तरी धोका वाटला की परत तोंडात घेते. वर्षातून पुन्हा पुन्हा वीण, साठलेलं पाणी चालतं, घाण पाणीसुद्धा बऱ्यापैकी चालतं. आता ह्याच्यासमोर कोळशी किंवा खडशी कशी टिकणार, जिला पावसाळ्यात वाहत्या पाण्यात वर चढून जायचंय आणि मधे धरणाची भिंत उभी आहे?

रोहू, कटला, मृगळ हेसुद्धा आपल्या नदीचे नाहीत बरं का. हे मला माहीतच नव्हतं, मी त्यांना घरचेच समजत होतो. ते गंगेकडचे. साठलेल्या पाण्यात ते सहसा वीण देत नाहीत, त्यांना पुराचं वाहतं पाणी लागतं, म्हणून पूर्वी नदीतून बीज, म्हणजे बारीक पिल्लं, गोळा करायचे. मग 10 जुलै 1957 ला मत्स्यशास्त्रज्ञ हिरालाल चौधुरींनी इंजेक्शन देऊन त्यांची वीण करून दाखवली, आणि तेव्हापासून हॅचरीत पाहिजे तेवढं बीज तयार व्हायला लागलं. धरणांमधे दरवर्षी जे बोटभर बोटुकली सोडतात ती हीच. त्यावर मच्छीमार सोसायट्यांचं पोट आहे, त्यामुळे ते बंद करा असं मी म्हणत नाही. मला फक्त हे कळलं की माझ्या डब्यातला जवळजवळ प्रत्येक मासा कुणीतरी आणून सोडलेला आहे, काका बरोबर बोलले होते.

आणि मग वाचता वाचता एक गोष्ट अशी सापडली की मी दोन दिवस त्याच विचारात होतो. लोणावळ्याला वळवण धरणाजवळ टाटांची महाशीरची हॅचरी आहे, सत्तरच्या दशकापासून तिथं खडशीची वीण करतात आणि लाखांनी पिल्लं तयार झाली. काम चांगलंच, आपला मासा वाचावा म्हणून. त्यातली पिल्लं बाहेरच्या राज्यांत पण गेली, कावेरीत सोडली. कावेरीत त्यांचा स्वतःचा महाशीर होता, पाठीला कुबड असलेला, महाशीरांमधला सगळ्यात मोठा होणाऱ्यांपैकी एक. आपली खडशी तिथं इतकी वाढली की तो कुबडवाला मागे पडत गेला आणि त्याला टॉर रेमादेवी हे नाव नक्की झालं तेच मुळी 2018 मधे, आणि त्याच वर्षी तो नष्ट व्हायच्या अगदी काठावर आहे म्हणून नोंदला गेला. म्हणजे आपल्या नदीत जी चिलापी, तीच कावेरीत आपली खडशी. मी ज्या माशासाठी हळहळत होतो तोच दुसरीकडं जाऊन बसलाय. तेव्हापासून "मासे सोडा, पुण्य मिळेल" असा फॉरवर्ड आला की मी लगेच उत्तर देतो, की बाबांनो कुठला मासा आणि कुठल्या नदीचा ते आधी विचारा. आणि घरातल्या टाकीतला सकर मासा मोठा झाला म्हणून नदीत नेऊन सोडू नका, हात जोडून सांगतो. मी स्वतः उजनीच्या काठावर जाळ्यात अडकलेले बघितलेत, अंगावर चिलखत असल्यासारखे, जाळं फाडतात, कोणी विकत घेत नाही.

बरं, ज्यांना गळ टाकायला यायचंय त्यांच्यासाठी थोडं. धरणातल्या मासेमारीचा ठेका गावच्या सोसायटीकडं असतो, त्यामुळे आधी गावात विचारायचं, मगच बसायचं. खडकवासल्याला चौपाटीवर गर्दीत गळ फिरवायचा नाही, कोणाच्या डोळ्याला लागला तर काय. बॅकवॉटरला गाळ वरून कोरडा दिसतो पण पाय घातला की गुडघ्यापर्यंत जातो, माझा एकदा गेलाय आणि काकांनी दोरी टाकून काढलंय, म्हणून आता मी लाईफ जॅकेट घालूनच बसतो, लोक हसले तर हसू दे. रोहू-मृगळला शेंगदाण्याची पेंड आणि कणीक, त्यात थोडी बडीशेप कुटून. वाम पाहिजे तर संध्याकाळनंतर दगडांच्या कपारीत गांडूळ तळाला. मरळीला गवताच्या कडेनं रबरी बेडूक. हुकचा उलटा दात मी पक्कडीनं दाबून टाकतो, थोडे मासे सुटतात पण जो सोडायचाय त्याचं तोंड फाटत नाही. आणि मासा सोडायचा असेल तर हात आधी ओले करा, कोरड्या हातानं अंगावरचा बुळबुळीत थर निघतो आणि मग तो जगेल ह्याचा भरवसा नाही. चिलापी मात्र मी सोडत नाही, घरी आणतो. फोडणीला लसूण, आमसूल, झालं.

काकांचा नंबर घेऊन ठेवला होता. जूनमधे पहिला मोठा पाऊस झाला त्या रात्री त्यांचा फोन आला, "चढण लागलीय, येतुस का?" चढणीचे मासे म्हणजे पहिल्या पाण्याला धरणातून ओढ्यात, ओढ्यातून पार शेताच्या बांधापर्यंत अंडी घालायला वर चढणारे मासे. पोटात अंडी असतात म्हणून चविष्ट, आणि म्हणूनच लोक काठ्या, विळे, टोपल्या घेऊन तुटून पडतात. एक मादी मारली की पुढचे शेकडो गेले. काकांनी लहानपणी भरपूर मारलेत, स्वतःच सांगतात. आता मारत नाहीत, म्हणतात की ओढ्यात आता आधीच्या मानानं काहीच चढत नाही.

मी गळ नेलाच नाही. वही नेली, प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून. आम्ही दोघं छत्री धरून ओढ्याच्या कडेला उभे, पाणी लाल, आवाज इतका की ओरडून बोलावं लागत होतं. काकांनी बॅटरी मारली की पाण्यातून काहीतरी चमकून उडायचं आणि दगडावर आपटून परत खाली पडायचं, परत उडायचं. मला सगळे सारखेच दिसत होते. काका मात्र एकेक नाव घेत होते. "ह्यो मळ्या, बघ कसा दगडाला धरून चाललाय. ही कोळशी. ही बी कोळशीच. त्यो शिंगाळा, त्याच्या काट्याला हात लावू नगं." मी वहीवर वाकून लिहीत होतो, अर्धी शाई पसरली.

खडशी दिसली का विचारलं तर म्हणाले ह्या ओढ्यात लई वर्सात नाही.

मग एक छोटा मासा उडून आमच्या पायाजवळच्या डबक्यात पडला. करंगळीएवढा, पिवळसर, शेपटीच्या बुडाशी काळा ठिपका, आणि अंगावर एक तांबूस पट्टा. काकांनी ओंजळीत घेतला, बॅटरीखाली उलटासुलटा करून बराच वेळ बघितला.

"ह्याचं नाव आमच्या आयला ठावं हुतं," म्हणाले. आणि हात वाहत्या पाण्यात धरून उघडला.

मी वहीत तारीख लिहिली, ओढ्याचं नाव लिहिलं, माशाचं वर्णन लिहिलं. नावापुढची जागा रिकामी आहे. पुढच्या रविवारी काकांच्या मावशीकडं पलीकडच्या गावात जायचं ठरलंय, त्या नव्वदीच्या आहेत आणि काका म्हणतात त्यांना सगळे मासे पाठ आहेत.