पाऊण तासाची कसरत

बडोद्यात व्यायामाचे माप आकड्यांत सांगण्याची रीत आहे. दांडिया बाजारातील जुम्मादादा व्यायाम मंदिरात ज्यांचे तारुण्य गेले, अशी आमच्या नात्यातली वडीलधारी मंडळी ‘पाचशे जोर, हजार बैठका’ याच्या खाली उतरत नाहीत, आणि त्या आखाड्याचे गुरू प्रोफेसर माणिकराव यांचे नाव निघाले की आकडे आणखी चढतात. त्यामुळे राज्यस्तरीय शरीरसौष्ठव स्पर्धेत किताब मिळवलेला रावपुऱ्यातला एक तरुण ‘आठवड्यातून चारच दिवस, तेही पाऊण तास’ असे म्हणाला, तेव्हा माझ्याबरोबरच्या काकांनी आधी त्याच्या दंडाकडे आणि मग त्याच्या तोंडाकडे पाहिले.

त्याचे दैवत डोरियन येट्स. बर्मिंगहॅमच्या या गड्याने १९९२ पासून १९९७ पर्यंत सलग सहा वेळा ‘मिस्टर ऑलिंपिया’ हा शरीरसौष्ठवातला सर्वोच्च किताब मिळवला, तोही प्रत्येक व्यायामप्रकाराचा एकच सेट, म्हणजे लागोपाठच्या आवर्तनांची एकच फेरी, जिवाच्या कराराने मारून. त्याच्याआधी अमेरिकन शरीरसौष्ठवपटू माइक मेंट्झरने हाच विचार ‘हेवी ड्यूटी’ या नावाने मांडला होता.

तो सेट आम्ही प्रत्यक्ष पाहिला. अंग मोकळे करण्यापुरते दोन हलके सेट झाले आणि मग लेग प्रेसवर, म्हणजे पायांनी वजन ढकलायच्या यंत्रावर, खरा सेट सुरू झाला. वजन खाली घेताना तो मनात चारपर्यंत मोजत होता, हे त्याच्या ओठांवरून कळत होते. आठव्या रेपला, म्हणजे आठव्या आवर्तनाला, गुडघे थरथरू लागले, नववी मध्येच अडली आणि सोबत्याने नुसती बोटे लावल्यावर कशीबशी पुरी झाली. त्यानंतर कमरेचा पट्टा सोडायलाही त्याचे हात वळेनात.

स्नायूंतले सर्वांत दणकट तंतू शरीर शेवटपर्यंत राखून ठेवते, आणि वाढ होते ती नंतरच्या जेवणात नि झोपेत, असे त्याने समजावले. ते खरेच आहे. पण दुसरा सेट वायाच जातो, हे त्याचे पुढचे म्हणणे मला पटत नाही, कारण एकाहून अधिक सेटांनी स्नायू अधिक भरतात, असे अभ्यासांत वारंवार दिसले आहे. शिवाय जोर-बैठकांचा हेतूच निराळा, आखाड्यात दम टिकवण्याचा. काकांना मात्र त्या नवव्या रेपनंतर आकड्यांची आठवण राहिली नाही. ‘उरलेले तीन दिवस काय करतोस?’ एवढेच त्यांनी विचारले, आणि ‘खातो आणि झोपतो, काका,’ या उत्तरावर ते मनापासून हसले.

त्याचे पाहून जिममधल्या बऱ्याच पोरांनी म्हणे पाऊण तासाचा नियम उचलला आहे. सहाव्या-सातव्या रेपलाच वजन ठेवून ती मोबाइल काढतात, हे आम्ही तिथेच उभे राहून पाहत होतो.