डिस्ट्रॉय झालं, तरी मीटर चालूच

मागच्या नोंदीत लिहिलं होतं की क्लाउडवर तीन नोडचा कुबरनेटिस क्लस्टर (अ‍ॅप चालवणारा तीन मशीनचा गट) टेराफॉर्मने (कोड लिहून क्लाउडवरच्या गोष्टी उभ्या करणारं आणि पाडणारं साधन) उभा केला, खेळून झालं आणि पाडलाही. त्यातलं ‘पाडला’ अर्धंच खरं निघालं. पुढचे तीन आठवडे त्या क्लाउड खात्याकडे फिरकलो नाही आणि बिल रोज थोडं थोडं चढत राहिलं. एकही मशीन चालू नाही, मग पैसे कशाचे?

बिलात ओळ होती स्टोरेजची. डिस्कची यादी उघडली तर पाच डिस्क पडून होत्या. नावं ‘पीव्हीसी-’ अशी सुरू होणारी, पुढे आकड्या-अक्षरांची लांबलचक शेपटी. स्थिती : ‘अव्हेलेबल’. वाचून वाटतं सगळं आलबेल आहे. प्रत्यक्षात अर्थ एवढाच की डिस्क कुठल्याही मशीनला जोडलेली नाही. भाडं मात्र राखून ठेवलेल्या पूर्ण जागेचं लागतं, आत डेटा किती आहे हे कोणी बघत नाही.

या डिस्क टेराफॉर्मने बनवल्याच नव्हत्या. क्लस्टरमध्ये मी पोस्टग्रेस (डेटाबेस) आणि प्रोमिथियस (देखरेखीचं साधन) टाकले, त्यांनी जागा मागितली (ही मागणी म्हणजेच पीव्हीसी) आणि आतल्या सीएसआय ड्रायव्हरने (क्लस्टर आणि क्लाउडच्या डिस्क यांच्यातला दुवा) परस्पर क्लाउडकडून डिस्क घेतल्या. टेराफॉर्मच्या स्टेट फाइलमध्ये (आपण काय बनवलं याची त्याची नोंदवही) त्यांचा पत्ताच नाही, मग तो हटवणार काय!

गंमत म्हणजे इशारा मिळाला होता. टेराफॉर्मचं डिस्ट्रॉय (सगळं पाडायची आज्ञा) चालू असताना नेटवर्क हटवण्याच्या पायरीवर ‘स्टिल डिस्ट्रॉइंग’ची माळ लागली होती. क्लस्टरमधल्या सर्व्हिसने (अ‍ॅपपर्यंत पोचायची वाट) बनवलेला लोड बॅलन्सर (बाहेरून येणारी वर्दळ वाटून देणारा) त्याच नेटवर्कमध्ये बसला होता. तो हाताने काढला, डिस्ट्रॉय सुटलं आणि मी खूश होऊन लॅपटॉप मिटला. लोड बॅलन्सरने वाट अडवली म्हणून तो दिसला. डिस्क नेटवर्कमध्ये नसतात, त्या कोणाची वाट अडवत नाहीत. तेव्हाच शंका यायला हवी होती की एक पाहुणा असा निघाला तर अजूनही असतील.

आता पाडण्याचा क्रम बदलला आहे. आधी हेल्मचे रिलीज (हेल्म या साधनाने क्लस्टरमध्ये टाकलेली अ‍ॅप) काढतो, मग लोड बॅलन्सर प्रकारच्या उरलेल्या सर्व्हिस. त्यानंतर पीव्हीसी वेगळ्या हटवतो, कारण स्टेटफुलसेट (डेटा जपणारी अ‍ॅप चालवणारी रचना) गेला तरी त्याच्या पीव्हीसी सहसा मागे राहतात. मग ‘कुबसीटीएल गेट पीव्ही’ या आज्ञेने दिसणारी क्लस्टरच्या डिस्कची यादी रिकामी होईपर्यंत थांबतो. हे थांबणं महत्त्वाचं. डिस्क परत करणारा ड्रायव्हर क्लस्टरच्या आतच राहतो. क्लस्टर आधी पाडलात तर डिस्क परत करायला कोणी उरत नाही. आणि स्टोरेज क्लासची (डिस्क कशी घ्यायची ते ठरवणारी सेटिंग) रिक्लेम पॉलिसी ‘रिटेन’ (ठेवून द्या) असेल तर पीव्हीसी हटवूनही डिस्क तशीच राहते. माझ्या पाचातल्या दोन डिस्क त्या प्रकारच्या होत्या, म्हणजे क्रम बरोबर ठेवला असता तरी त्या राहिल्याच असत्या.

बजेट अलर्ट लावला आहे, पण त्यावर विसंबू नका. तो फक्त कळवतो, काही बंद करत नाही, आणि खर्चाचे आकडे काही तास उशिराने येतात. मी रक्कम मुद्दाम इतकी कमी ठेवली आहे की एक डिस्क विसरली तरी मेल येईल.

‘थांबवलं’ म्हणजे ‘हटवलं’ नव्हे, हे वेगळ्या प्रकारे चावतं. एडब्ल्यूएसच्या (अ‍ॅमेझॉनचा क्लाउड) आरडीएस या डेटाबेस सेवेत थांबवलेला डेटाबेस साधारणपणे ७ दिवसांनी आपोआप पुन्हा सुरू होतो. तिथेच १ फेब्रुवारी २०२४ पासून प्रत्येक सार्वजनिक आयपीव्ही४ पत्त्याला तासाला ०.००५ डॉलर लागतात, पत्ता वापरात असो वा नसो. महिन्याचे साडेतीन डॉलरच्या वर झाले.

या आठवड्याचं काम : दर रविवारी चालणारी छोटी स्क्रिप्ट. सगळ्या रीजनमधून (क्लाउडची वेगवेगळ्या ठिकाणची केंद्रं) न जोडलेल्या डिस्क, मोकळे आयपी, लोड बॅलन्सर आणि स्नॅपशॉट (डिस्कच्या जतन केलेल्या प्रती) गोळा करून मेल पाठवते. हटवत काहीच नाही, तेवढा माझा माझ्या कोडवर विश्वास नाही. पहिली आवृत्ती एकाच रीजनमध्ये बघून ‘सगळं स्वच्छ’ म्हणाली होती.

दुसऱ्या आवृत्तीने जुन्या, विसरलेल्या रीजनमधून एक स्नॅपशॉट बाहेर काढला. हटवायला गेलो तर नकार : त्याच्यावर एक मशीन इमेज (नवं मशीन उठवायचा साचा) नोंदलेली आहे. टॅग नाही, वर्णन ‘टेस्ट २’. आज रात्री त्यापासून मशीन उठवून आत काय आहे ते बघतो, मग इमेजची नोंद काढून स्नॅपशॉट उडवतो. आणि हो, ते मशीनही.