रोटोरुआची पहाट आणि काकूंची जोडवी

पहाटे पावणेसहाला खोलीतला फोन वाजला. रोटोरुआत मुक्कामाच्या पहिल्या रात्री असा एखादा फोन येतोच. "हॉटेलचं गटार तुंबलंय का हो?" गंधकाचा वास साऱ्या गावालाच आहे. तो खोलीत शिरतो, पांघरुणाला लागतो. बसमध्ये कितीही समजावलं तरी रात्री कुणाला तरी शंका येते. मी उत्तर तयार ठेवूनच फोन उचलला. पलीकडून काकूंचा आवाज आला, "अरे, हे खोलीत नाहीत."

काका बहात्तर वर्षांचे, दापोलीकडचे. वर्षापूर्वी बायपास झालेली. मोबाइल उशाशीच होता. कानटोपी आणि शाल तेवढी नेली होती. न्यूझीलंडमध्ये मे महिना म्हणजे थंडी सुरू झालेली, सात वाजेपर्यंत उजाडत नाही.

टूर मॅनेजर म्हणून नऊ वर्षं काम करतोय, चुकलेली माणसं बरीच शोधली आहेत. पण त्या पहाटे पोटात गोळा आला तो जमिनीमुळे. या गावात रस्त्याच्या कडेला, बागेत, कुठेही लाकडी कुंपण दिसतं. कुंपणापलीकडे जमीन असल्यासारखी दिसते, पण तो वरचा पापुद्रा असतो आणि खाली रटरटता चिखल असतो. हे मी बसमध्ये सगळ्यांना निक्षून सांगितलं होतं. अंधारात एकट्याने बाहेर पडू नका, हे मात्र सांगायचं राहून गेलं होतं.

रिसेप्शनवरच्या मुलाला पोलिसांचा नंबर काढून ठेवायला सांगितलं आणि कुइराउ पार्ककडे धावलो. ही गावाच्या मधोमध असलेली सार्वजनिक बाग, तिकीट नाही, फाटक नाही. जानेवारी २००१ मध्ये इथेच जमीन फुटून चिखल आणि दगड उधळले होते. थंडीत वाफ इतकी दाटते की दिव्याच्या खांबाचा फक्त वरचा पिवळा गोळा दिसतो. मी "काका, काका" हाका मारत चाललो होतो आणि मध्येच थांबून कान देत होतो. उत्तर येत होतं ते चिखलाचं. घट्ट पिठलं शिजताना येतो ना, तसा फद्‌-फद् आवाज.

बागेच्या कडेला छपराखाली पाय शेकायचे हौद आहेत. तिथे काका दिसले. पँट गुडघ्यापर्यंत दुमडलेली, पाय पाण्यात. समोरच्या बाकावर एक माओरी, म्हणजे इथल्या मूळ रहिवाशांपैकी, बाई, अंगावर नर्सचा गणवेश. बागेला लागूनच हॉस्पिटल आहे. रात्रपाळी संपवून ती घरी जाण्याआधी पाय शेकायला आली होती. काकांना धुक्यात चाचपडताना पाहून तिनेच हाताला धरून आणलं होतं. आधी तिने स्वतःचा हात पाण्यात घालून पाहिला आणि मगच काकांना पाय घालू दिले. तिला मराठी येत नव्हतं, काकांचं इंग्रजी चार शब्दांचं. तरी तिने बोटांनी पंधरा मिनिटं दाखवली आणि छातीवर हात ठेवून मान हलवली. जास्त वेळ नको, हे काकांना नीट कळलं होतं.

मी काही बोलायच्या आत काका म्हणाले, "बस रे. पाय घाल. हे आपलं उन्हवऱ्याचं पाणी. वास तोच." लहानपणी आजी सांधे धरले की त्यांना घेऊन दापोलीजवळच्या उन्हवऱ्याच्या गरम पाण्याच्या झऱ्यावर जायची. पहाटे जाग आली, खोलीत तो वास आला, आणि हा माणूस वासाच्या मागावर निघाला होता. आपल्या कोकणातल्या झऱ्यांना ज्वालामुखीची उष्णता नाही, पाणी खोल भेगांतून तापून वर येतं. पण नाकाला भूगर्भशास्त्र कुठलं कळायला!

मी काकूंना फोन केला. एक मिनिट त्या नुसत्या रडल्या. मग तिथे येऊन नवऱ्याला चांगलं फैलावर घेतलं, आणि बोलता बोलता स्वतःही चपला काढून पाय पाण्यात सोडले. उजाडेपर्यंत आम्ही चौघं तिथे होतो. नर्सबाई निघताना काकूंच्या खांद्यावर हात ठेवून गेली.

त्या दिवशी आधी तळ्याचा काठ आणि रेडवुडचं जंगल केलं. तळ्याचा काठ मला आवडतो. रोटोरुआ म्हणजे माओरीत 'दुसरं सरोवर', आणि हे सरोवर ज्या खोलगटात साठलंय तो सुमारे २,४०,००० वर्षांपूर्वीच्या उद्रेकानंतर खचलेला भाग आहे. पाण्यावर काळे राजहंस आणि मध्ये मोकोइया बेट. मंडळींनी फोटो काढले, आम्ही पुढे निघालो.

दुपारी फाकारेवारेवाला पोचलो. माओरीत इंग्रजीतल्या 'डब्ल्यूएच'चा उच्चार साधारण 'फ'सारखा होतो, गावकरी नुसतं 'फाका' म्हणतात. हे राहतं गाव आहे. घरांच्या मधून वाफ निघते, जेवण जमिनीवरच्या वाफेच्या पेट्यांत शिजतं, मक्याची कणसं जाळीत बांधून उकळत्या कुंडात सोडतात. जमीन तापलेली असल्यामुळे थडगीसुद्धा वर बांधलेली आहेत. शेजारच्या आवारात पोहुतु हा मोठा गिझर, म्हणजे जमिनीतून उसळणारा उकळत्या पाण्याचा फवारा, ३० मीटरपर्यंत पाणी उडवतो. एकेकाळी शहरभर लोकांनी घरं तापवायला बोअर मारले आणि गिझर मंदावू लागले. १९८६ पासून सरकारने पोहुतुच्या दीड किलोमीटर परिसरातले बोअर बंद करायला लावले, आणि गिझर सावरले. ही गोष्ट मी गिझर दाखवण्याआधी सांगतो. उडणारं पाणी आयतं मिळालेलं नाही, त्यासाठी गावातल्या घरांनी आपलं गरम पाणी सोडलंय.

कणसं वाटली जात असताना मागे गडबड झाली. काकू खाली बसल्या होत्या, कणीस तसंच हातात. "बघ रे हे," त्या म्हणाल्या आणि पाय पुढे केला. चांदीची जोडवी काळी पडली होती. चांदीवर चढतो तसा राखाडी मळ नव्हे, शाईसारखी काळी, कडेला निळसर झाक. पहाटे नवरा हरवतो आणि दुपारी सौभाग्याची जोडवी काळवंडतात. गेल्या वर्षी बायपासच्या वेळी ऑपरेशन थिएटरबाहेर बसलेल्या बाईच्या मनात काय आलं असेल, ते मला सांगायची गरज नव्हती. "आपण परत जाऊ," एवढंच त्या म्हणत होत्या.

मी गंधकाचं सांगितलं. पाण्यातला, हवेतला वायू चांदीला धरतो, या गावात सगळ्यांच्याच चांदीचं हे होतं. काकूंनी ऐकून घेतलं, पण डोळे जोडव्यांवरच. तेव्हा गावातली आमची गाइडबाई पुढे आली आणि स्वतःचा हात काकूंच्या पायाशेजारी धरला. बोटातली अंगठी तशीच काळी होती. "चाळीस वर्षं," ती म्हणाली. मग तिने त्यांच्या पूर्वजाची गोष्ट सांगितली, मी मराठीत सांगत गेलो. ङातोरोइरांगी नावाचा पुरोहित इथल्या उंच डोंगरावर चढला आणि बर्फाळ वाऱ्यात गारठून मरायला टेकला. त्याने दूर समुद्रापार, हवाइकी या पूर्वजांच्या मूळ भूमीत राहणाऱ्या बहिणींना हाक मारली, विस्तव पाठवा. बहिणींनी पाठवलेला विस्तव जमिनीखालून आला, आणि वाटेत जिथे जिथे वर डोकावला तिथे तिथे ही गरम कुंडं झाली. भाऊ वाचला.

काकूंनी नाक पुसलं. "म्हणजे भावासाठी धाडलेला विस्तव," त्या म्हणाल्या. "भाऊबीजच की ही." आणि कणीस खायला लागल्या.

हाच विस्तव १० जून १८८६ च्या रात्री तारावेरा डोंगर फोडून बाहेर आला, सुमारे १२० माणसं गेली, हेही गाइडबाईने लपवलं नाही. त्या रात्री 'ते वाइरोआ' नावाच्या गावात सोफिया हिनेरांगी या वाटाड्या बाईच्या घरात साठाहून अधिक लोक जीव मुठीत धरून बसले आणि वाचले. पुढे सोफिया फाकाला येऊन पाहुण्यांना हीच कुंडं दाखवत राहिली. काकूंनी मला ते नाव दोनदा विचारून घेतलं.

संध्याकाळी मंडळी गरम पाण्याच्या तलावांत डुंबायला गेली. काकांना मी मनाई केली, बायपासनंतर डॉक्टरांना विचारल्याशिवाय नाही. त्या वेळात मी हॉटेलच्या स्वयंपाकघरातून ॲल्युमिनियमची फॉइल, खायचा सोडा आणि एक घमेलं मागून आणलं. काकू जोडवी काढायला तयार नव्हत्या, काका समोर बसलेले असताना तर नाहीच. मग घमेल्यात कोमट पाणी आणि सोडा घातला, फॉइल थेट जोडव्यांना लागेल अशी बोटांभोवती गुंडाळली आणि काकूंनी पाय पाण्यात सोडले. काका किटलीतून थोडं थोडं गरम पाणी घालत होते आणि प्रत्येक वेळी आधी हात बुडवून पाहत होते, पहाटेच्या नर्सबाईसारखे.

बारीक बुडबुडे आले. घमेल्यातून गावाचाच वास वर आला. चांदीने धरलेला गंधक सुटत होता. काकूंनी पाय बाहेर काढला, फॉइल सोडली, पदराने जोडवं पुसलं आणि दिव्याखाली धरलं. बोटाच्या आतल्या बाजूला, जिथे फॉइल पोचली नव्हती, तिथे तांदळाएवढा काळा ठिपका राहिला होता. मी पुन्हा पाणी ओतायला वाकलो, तर त्यांनी हाताने थांबवलं. "राहू दे तेवढा," म्हणाल्या, "घरी दाखवायला."